शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपली म्हण सांगते. ही परीक्षा करणाऱ्या गृहिणीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जे शीत तिने बोटांत चेपून पाहिले, ते त्याच पातेल्यातले, त्याच विस्तवावर शिजलेले असते. आता समजा, कोणी वेगळ्या चुलीवर, उंची तांदूळ घेऊन, केशर घालून एकच घास शिजवला आणि आपल्यापुढे ठेवून म्हटले, ‘भात अजून शिजायचा आहे, तांदूळही आणायचे आहेत, पण यावरून सांगा, पंगत बसवू की नको?’ तर आपण काय उत्तर द्यावे? अमेरिकेतील दूरचित्रवाणीने ही अजब परीक्षा अनेक दशके चालविली. त्या घासाला तेथे ‘पायलट’ म्हणतात.

हा पायलट, त्याचा सख्खा शेजारी जो ठरीव प्रकारचा चित्रपट तो, आणि या दोहोंविषयी घरी बसून मत देणारा प्रेक्षक, असा आजचा आमचा तिहेरी विषय आहे. विषय करमणुकीचा आहे हे खरे. पण करमणूक ही आता घराबाहेरची गोष्ट राहिलेली नाही. नाटकाला जायचे तर तिकीट काढावे लागते, आणि प्रयोग फसला तर परतताना रस्ताभर त्याची हजेरी घेता येते. घरातल्या पडद्याला तिकीटही नाही आणि तो पडतही नाही. एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो. एखादी मालिका स्वीकारणे म्हणजे घरातल्या दहा, प्रसंगी शंभर संध्याकाळी कोणाच्या तरी हवाली करणे होय. एवढा मोठा व्यवहार आपण ज्या एका भागावरून ठरवितो, तो तयार कसा होतो आणि पाहावा कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नमुन्याचा बाजार

बंदरात शिरणाऱ्या आगबोटीला वाट दाखविणाऱ्या माणसाला पायलट म्हणतात. मालिकेच्या पुढे चालणाऱ्या नमुन्याच्या भागालाही ते नाव शोभते. अमेरिकेतील मोठ्या प्रक्षेपण-कंपन्यांचा वार्षिक क्रम पुष्कळ वर्षे असा होता: शरदात लेखकांच्या कल्पना ऐकायच्या, जानेवारीच्या सुमारास त्यांतल्या काहींचे नमुने करण्यास पैसे द्यायचे, वसंतात ते चित्रित व्हायचे, मे महिन्यात निवड करून जाहिरातदारांपुढे यादी मांडायची, आणि सप्टेंबरात मालिका सुरू व्हायच्या. आपल्याकडे वसंतात व्याख्याने होतात, तिकडे वसंतात हा नमुन्यांचा बाजार भरत असे. नाकारलेले बहुतेक नमुने प्रेक्षकांच्या दृष्टीस कधी पडतही नसत.

यावरून एक गोष्ट उघड होते. पायलटचा पहिला प्रेक्षक आपण नव्हे. तो गिऱ्हाईकासाठी केलेला असतो, आणि गिऱ्हाईक म्हणजे कंपनी. कंपनीच्या मागे जाहिरातदार. म्हणूनच पायलटमध्ये काही खोडी जन्मजात असतात. पात्रे एकमेकांना जे आधीच ठाऊक आहे तेच सांगत बसतात, कारण ते आपल्याला कळायला हवे असते. पैसा सढळ हाताने खर्चलेला असतो; पुढच्या भागांत तो दिसत नाही. नायकाचा स्वभाव अजून बसलेला नसतो, जसा नव्या जोड्याला पाय बसलेला नसतो. या खोडी पाहून नाक मुरडणारा प्रेक्षक घाई करतो, आणि पैशाचा झगमगाट पाहून भुलणारा प्रेक्षक त्याहून अधिक घाई करतो.

प्रकार म्हणजे करार

आता शेजाऱ्याकडे वळू. गुन्हेशोधाचे, भयाचे, विज्ञानकल्पनेचे, घोडेस्वार आणि पिस्तुलांचे अशा ठरीव प्रकारांच्या चित्रपटांना सुशिक्षित माणसे ‘साचेबंद’ म्हणून बाजूस सारतात. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. प्रकार हा प्रेक्षकाशी केलेला करार असतो. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा हाती घेणाऱ्या वाचकाला झुंझार शेवटी सुटणार हे ठाऊकच असे. तो कसा सुटतो, यासाठी पान उलटले जाई. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यानाचा शेवट माहीत असतो. म्हणून तो उठून जात नाही. करार आधी ठरलेला असला म्हणजे सारे लक्ष कारागिरीकडे देता येते. साचा असणे हा दोष नव्हे; साच्यात काहीच न ओतणे हा दोष होय.

चित्रपटात हा करार दीड-दोन तासांत पुरा होतो. स्टीव्हन स्पीलबर्ग या तरुण दिग्दर्शकाने १९७१ साली अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी केलेला ‘ड्युएल’ हा चित्रपट पाहा. विक्रेत्याचा व्यवसाय करणारा एक साधा माणूस मोटारीने चालला आहे, आणि एक जुनाट, मळकट, अजस्र मालमोटार त्याच्या जिवावर उठली आहे. ती चालविणाऱ्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. कारणही कोणी सांगत नाही. रिचर्ड मॅथेसन यांच्या या कथेत दुसरे काही नाही, आणि काही लागतही नाही. शेवटी मालमोटार दरीत कोसळते आणि गोष्ट संपते. घरच्या लहान पडद्यासाठी ७४ मिनिटांचे काम म्हणून ते तयार झाले आणि पुढे लांबवून युरोपात चित्रपटगृहांतही लागले. आमच्या मते हा प्रकारबद्ध चित्रपटाचा निर्दोष नमुना आहे. परंतु त्याची मालिका करता येईल काय? दर आठवड्याला नवी मालमोटार आणावी लागेल, आणि तिसऱ्या आठवड्याला आपण हसू लागू. त्याची सारी ताकद संपण्यात आहे.

पायलटचे नेमके उलट आहे. त्याने एक प्रश्न मांडायचा असतो, आणि तो असा की पुन्हा पुन्हा विचारला तरी शिळा होऊ नये. येथे आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आला. चित्रपट हा निकाल असतो आणि पायलट हे वचन असते. निकालाची कसोटी वचनाला लावली म्हणजे आपले मत चुकते. आणि वचनाची कसोटी निकालाला लावली तरी चुकते. ही गोष्ट नुसत्या शब्दांनी पटणार नाही, म्हणून काही प्रत्यक्ष उदाहरणे घेऊ.

एक नाकारलेले शीत

जीन रॉडनबेरी हा लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात काम केलेला लेखक. अवकाशात फिरणाऱ्या जहाजाची मालिका त्याच्या मनात होती. घोडेस्वारांच्या गोष्टींचा तो काळ. म्हणून त्याने ती कल्पना विकताना ‘ताऱ्यांकडे निघालेला गाड्यांचा तांडा’ असे तिचे वर्णन केले. एनबीसी कंपनीने नमुना मागविला. ‘द केज’, म्हणजे ‘पिंजरा’, या नावाचा तो पायलट १९६४ च्या अखेरीस चित्रित झाला. त्यावर सहा लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला.

त्याची कथा अशी: जबाबदारीला कंटाळलेला कप्तान पाइक एका परक्या ग्रहावर पकडला जातो. तेथील मोठ्या डोक्यांचे लोक त्याच्या मनात हवे ते भास उभे करतात: त्याचे गाव, त्याचा घोडा, सुखी संसार. पिंजरा खरा, सुख खोटे. सोबत एक स्त्री आहे. तिचे रूपही भासाचेच. एका अपघातात तिचे शरीर विद्रूप झालेले आहे. शेवटी पाइक सुटतो, आणि ती स्त्री तो भासच पत्करून मागे राहते. जहाजावर दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक शांत, कठोर बुद्धीची स्त्री आहे. आणि टोकदार कानांचा स्पॉक हा परग्रहवासी तेथे चक्क एका निळ्या झुडपाकडे पाहून हसतो.

कंपनीने हा नमुना नाकारला. तो फार बौद्धिक आहे असे कंपनीचे मत पडले, असे रॉडनबेरी पुढे सांगत असे. पण कंपनीने त्या काळी क्वचितच घडणारी गोष्ट केली: दुसरा नमुना मागविला. त्यात कप्तान बदलला आणि विल्यम शॅटनर कर्क म्हणून आला. ती स्त्री अधिकारी गेली; तिची थंड बुद्धी स्पॉकला मिळाली आणि त्याचे हसणे बंद झाले. पहिल्या नमुन्यातले तेवढे एकच पात्र उरले. कथेत कर्कच्या जिवलग मित्राला अमानुष शक्ती प्राप्त होते, आणि जहाज वाचविण्यासाठी कर्कला त्याच्यावर हात उचलावा लागतो. हा नमुना पसंत पडला. तरीही ८ सप्टेंबर १९६६ रोजी ‘स्टार ट्रेक’ मालिका सुरू झाली ती तिसऱ्याच भागाने. माणसांच्या अंगातले मीठ शोषणारा राक्षस त्यात होता, आणि राक्षस दिसला की घरचे लोक थांबतील असा हिशेब होता.

याविषयी आमचे मत असे आहे. ‘पिंजरा’ हा दोन नमुन्यांतला सरस चित्रपट आहे. सुखाचा भास आणि कष्टाचे सत्य यांतली निवड त्याने ज्या गांभीर्याने मांडली, तसे गांभीर्य त्या काळच्या पडद्यावर विरळा होते. पण मालिकेचे वचन म्हणून तो दुबळा आहे. त्यातला कप्तान काम सोडून जाण्याच्या विचारात आहे. जो स्वतःच जायला निघाला आहे त्याच्याबरोबर दर आठवड्याला प्रवासाला कोण निघेल? दुसरा नमुना ओबडधोबड आहे, त्यात शेवटी ठोसाठोशी आहे. परंतु बुद्धी आणि भावना यांची ओढाताण एका जहाजावर कायमची बांधून ठेवण्याची युक्ति त्याला साधली. एवढ्यापुरता कंपनीचा निर्णय बरोबर. त्या स्त्री अधिकाऱ्याला उतरवले, हे मात्र वाईटच झाले. वचन देताना त्यातला एक चांगला शब्द खोडला गेला. गंमत अशी, की नाकारलेले चित्रीकरण वाया गेले नाही. त्याच वर्षी मालिकेतल्या एका दोन भागांच्या कथेत ते जुनी हकीकत म्हणून गुंफण्यात आले, आणि मूळ नमुना पुढे १९८८ साली संपूर्ण रूपात दाखविण्यात आला.

मळका रेनकोट

दुसरे उदाहरण गुन्हेशोधाचे. रिचर्ड लेविन्सन आणि विल्यम लिंक या जोडीचे एक नाटक होते. त्यावरून १९६८ साली ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ हा दूरचित्रवाणी-चित्रपट निघाला. एक मानसोपचारतज्ज्ञ आपल्या बायकोचा खून करतो. तो कसा करतो हे आपण डोळ्यांनी पाहतो. मग बऱ्याच वेळाने, दबकत, मळका रेनकोट घातलेला एक पोलीस अधिकारी येतो. तोच पीटर फॉकने रंगविलेला कोलंबो.

गुन्हेशोधाच्या कराराचे पहिलेच कलम येथे उलटे केलेले आहे. खुनी कोण, हा प्रश्नच नाही. खुनी पकडला कसा जातो, एवढाच प्रश्न. प्रथम पाहताना शंका येते, की गुपितच उघडे केले तर उरले काय? उरतो तो दोन माणसांचा सामना: एक श्रीमंत, सुसंस्कृत, गर्विष्ठ, दुसरा गबाळा, बायकोच्या गोष्टी सांगणारा, निघून जाता जाता दारात थबकून आणखी एक प्रश्न विचारणारा. हा सामना कितीही वेळा लावा, दर वेळी गर्व नवा असतो. म्हणजे प्रश्न न विटणारा निघाला. तरी कंपनीने १९७१ च्या मार्चमध्ये आणखी एक नमुना पाहून घेतला आणि मगच त्या वर्षीच्या सप्टेंबरात मालिका सुरू केली. तिचा पहिला भाग त्याच स्पीलबर्गने दिग्दर्शित केला, ज्याने दोन महिन्यांनी ‘ड्युएल’ दिला. एकच माणूस, एकच वर्ष, एकच लहान पडदा. एक काम कायमचे संपणारे आणि दुसरे पुन्हा पुन्हा सुरू होणारे. कोलंबो मध्ये खंड पडून का होईना, २००३ पर्यंत येत राहिला.

मोडलेली वचने

वचन मोडले म्हणजे काय होते, तेही पाहू. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’चा पायलट ८ एप्रिल १९९० रोजी प्रक्षेपित झाला. पाण्याच्या काठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले एका शाळकरी मुलीचे प्रेत सापडते, आणि सारे गाव हळूहळू उकलू लागते. युरोपात स्वतंत्र चित्रपट म्हणून विकता यावा यासाठी याच पायलटला एक वेगळा शेवट जोडण्यात आला आणि त्यात खुनी सांगून टाकला गेला. तो शेवट जोडताच तीच दृश्ये किरकोळ वाटू लागतात. वचनाला घाईने निकाल चिकटविल्याचा हा परिणाम. मूळ मालिकेतही कंपनीच्या आग्रहामुळे उलगडा झाला, त्यानंतर प्रेक्षक ओसरले आणि १९९१ साली मालिका बंद पडली.

याच लिंचने १९९९ साली दुसऱ्या एका मालिकेचा पायलट केला, तो एबीसी कंपनीने नाकारला. फ्रान्समधून पैसा मिळाल्यावर त्याने नवी दृश्ये चित्रित करून त्याचाच चित्रपट केला. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ या नावाने तो २००१ साली कान येथे दाखविला गेला आणि लिंचला दिग्दर्शनाचे पारितोषिक विभागून मिळाले. येथे मात्र शेवट वरून चिकटविलेला नाही. नव्या दृश्यांनी जुन्या दृश्यांचा अर्थच पालटला. जे वचन म्हणून सुरू झाले होते ते एका स्त्रीचे भंगलेले स्वप्न ठरले. कारागीर समर्थ असला तर वचनाचाही निकाल होऊ शकतो. पण त्यासाठी सारे पुन्हा घडवावे लागते.

तिसरा प्रकार क्रम बिघडविण्याचा. २००२ सालची ‘फायरफ्लाय’ ही घोडेस्वार आणि अवकाशजहाज यांची सांगड घालणारी मालिका. तिचा दोन तासांचा मूळ पायलट कंपनीला संथ वाटला. म्हणून दुसराच भाग लिहवून घेऊन सप्टेंबरात तो आधी दाखविला, आणि सर्वांची ओळख करून देणारा पायलट डिसेंबरात, अगदी अखेरीस दाखविला. पंगतीत ताक आधी आणि वरणभात शेवटी वाढावा, तसा हा प्रकार. चौदा भाग तयार होते. अकरा दाखवून मालिका बंद झाली.

आपल्या मताला कोण विचारतो?

येथे कोणी म्हणेल, ‘कंपन्या हे सर्व ठरवितात; घरी बसून आम्ही मत दिले काय आणि न दिले काय?’ प्रश्न रास्त आहे. प्रेक्षकांची मोजदाद मात्र पहिल्यापासून होत आली. अमेरिकेत १९५० पासून नीलसन कंपनी घरोघरच्या निवडक संचांवरून कोणता कार्यक्रम किती घरांत लागला ते मोजू लागली. लॉस एंजेलिस येथे एक खास प्रेक्षागृह होते. तेथे बोलावलेल्या लोकांच्या हाती एक बटण देत, आणि आवडले-न आवडले त्याप्रमाणे त्यांनी ते फिरवायचे असे. आलेली मंडळी मुळातच हसरी आहेत की रुक्ष, हे ताडण्यासाठी आधी एक ठरलेले व्यंगचित्र दाखवीत. या मोजणीत चातुर्य आहे. पण संच चालू होता, एवढेच यंत्राला कळते. घरातली माणसे गुंगली होती की पेंगत होती, आणि का, हे कळत नाही. कारण सांगणे हे माणसाचेच काम आहे.

आणि माणसांनी कारण सांगितले, तेव्हा ते ऐकले गेल्याचे दाखले आहेत. ‘स्टार ट्रेक’ बंद होणार अशी बोलवा उठली, तेव्हा १९६७-६८ च्या हिवाळ्यात लाखाहून अधिक पत्रे एनबीसीकडे गेली. १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहणार असल्याचे कंपनीला प्रक्षेपणातूनच जाहीर करावे लागले. पुढे तिला शुक्रवारी रात्री दहाची अडनिडी वेळ मिळाली आणि १९६९ साली ती थांबली, हेही खरे. परंतु स्थानिक केंद्रांवरच्या पुनःप्रक्षेपणांत ती खरी लोकप्रिय झाली. १९८० नंतरच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही आली. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या अवकाश-विमानाला ‘एंटरप्राइज’ हे मालिकेतल्या जहाजाचे नाव मिळाले, तेही प्रेक्षकांच्या पत्रांमुळेच.

अलीकडे वारे बदलले आहे. २०१३ साली ॲमेझॉनने आपले नमुने सर्वांपुढे मांडून प्रेक्षकांची मते मागविली. काही वर्षांनी तो प्रघात बंद पडला. त्याच साली नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’ दाखविली; तिचे दोन हंगाम, म्हणजे २६ भाग, पायलट न पाहताच मागविलेले होते. हा रिवाज वाढत चालला आहे. लेखकाला त्यात मोकळीक आहे, हे मान्य. पण एका तासात काही सिद्ध करून दाखविण्याची शिस्त सुटली, की गोष्ट सैल होते. ‘चौथ्या भागापासून रंगते’ अशी शिफारस मग ऐकू येते. चार तास ही पुष्कळ मोठी रक्कम आहे. कोणी दुकानदार ती आगाऊ मागू लागला, तर आपण पायरी उतरून चालू लागू.

चार प्रश्न

सारांश, घरबसल्या प्रेक्षकाने पहिला भाग संपल्यावर संच क्षणभर बंद करावा आणि चार प्रश्न विचारावेत. एक, हे काम निकाल आहे की वचन? निकाल असेल तर तो पुरा झाला का, एवढेच पाहावे. दोन, वचन असेल तर त्यातला प्रश्न दहाव्या वेळीही विचारण्याजोगा आहे काय? तीन, या प्रकारचा जो करार आहे, तो पाळला आहे, मोडला आहे, की कोलंबोसारखा हेतुपूर्वक उलटा केला आहे? चार, जे आवडले ते माणसांमुळे की खर्चामुळे? खर्च पुढच्या भागांत आटेल; माणसे राहतील.

या प्रश्नांची उत्तरे घरात मोठ्याने द्यावीत. मुलांनाही देऊ द्यावीत. ‘छान होते’ आणि ‘कंटाळवाणे होते’ हे दोन शब्द यंत्रालाही कळतात. ‘का’ म्हणून विचारल्यावर एखादी मुलगी जेव्हा म्हणते, ‘तो कप्तान जाणारच होता, मग आपण कशाला थांबायचे?’ तेव्हा त्या घरात एक रसिक तयार झाला असे समजावे. अशा घरातल्या संध्याकाळी दुसऱ्या कोणाच्या हवाली सहजासहजी होत नाहीत.